देस्पिनाकडचा सोमवार

दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
ती माझ्यासमोर उकिडवी बसते,
वांगं कानाशी नेऊन टिचकी मारते,
आत कुणी राहतंय का, विचारल्यासारखी.
दहा किलो घेते. घासाघीस नाही.
तिचं नाव देस्पिना. मी दिसपीण म्हणते.
ती माझ्या यशोदाचं यासोदा करते.
फिटलं.

ताळगावची माझी वांगी
शिवोलीला नदीकाठी जाऊन काय होतात
हे मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं.
विकलेल्या मालाच्या मागे कोण जातं?

यंदा तिने मनगटच धरलं : ये. जेवायला.
सोमवारी. दार बंद असतं, आपणच.
सोमवारी मला मासळी-मटण चालत नाही
हे तिला सांगायला
शेजारच्या आवेलीनचा मुलगा मध्ये घालावा लागला.
त्याने काय सांगितलं देव जाणे,
ती छातीवर हात ठेवून बराच वेळ मान हलवत राहिली.

वाटेत पाट्याच पाट्या.
बिटाचं रशियन सार, बर्मी शेवया, लेबनानची रोटी,
ह्यांनी एकूण एक मोठ्याने वाचली,
लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तशी,
आणि शेवटी म्हणाले, पेज कुठेच नाही.

आधी दही आलं, काकडी-लसणीचं.
कोशिंबीरच ती, फोडणी विसरलेली.
मग पानात गुंडाळलेला भात.
मी सवयीने पान सोलून कडेला ठेवलं,
पातोळीचं हळदीचं पान ठेवतो तसं.
ती हसत सुटली,
माझ्या ताटातलं पान उचलून
स्वतःच खाऊन टाकलं.
म्हणजे हे पान खायचं असतं!

ह्यांना एक पेला दिला.
पाणी घातलं तर पांढराफटक, वास बडीशेपेचा.
'फेणी असले खेळ करत नाही,' हे म्हणाले
आणि दुसरा मागितला.

मग माझं वांगं आलं.
ओळखलंच नाही मी.
अंगावर जाड पांढरी साय, वरून भाजून तांबूस,
थर उचलला तर खाली ते,
तेलात मऊ, मुकाट,
देठ नाही.
आमच्याकडे देठासाठी मुलं भांडतात.
ह्यांच्या ताटात खिमा, माझ्यात मसूर.
आवेलीनच्या मुलाने नीट सांगितलं होतं तर.
वांग्यात दालचिनी कुणाला सुचली असेल?
तिरफळ बरं पडलं असतं,
आलं होतं ओठांवर.

तिसऱ्या घासाला मात्र
मळ्याच्या त्या कोपऱ्यातली चव आली,
खाजनाचं पाणी शिरतं तिथली,
जरा खारी.
मी गप्प झाले.
तिला वाटलं, बिघडलं.
'मीठ?' तिने खुणेने विचारलं.
'बरोबर,' मी म्हटलं. कमी होतं.

तिच्या गावची वांगी लांब असतात म्हणे, कडू.
कापून मीठ लावायचं, रडवायची,
मग पुसून तळायची.
'तुझी रडत नाहीत, यासोदा.'
हे बोलणं मी बसमध्ये
पर्वरीपर्यंत उलटंसुलटं करून पाहिलं.
हे तोवर खिडकीला डोकं टेकून घोरत होते.

शुक्रवारी ती आली. टिचकी मारली, दहा किलो.
मी दोन वांगी वर टाकली,
देठासकट शिजव म्हणून बोटाने देठ दाखवला.
ती देठ मोडून वास घेत बसली.
सुटे द्यायला पदराची गाठ सोडली
तर नाण्यांबरोबर चार-पाच बिया घरंगळल्या.
तिच्याकडची काळी खारट फळं खाल्ली होती,
बिया टाकायला जागा दिसली नव्हती.

'बोरं गं?' आवेलीनने विचारलं.
'बोरंच,' म्हटलं.
ऐन गिऱ्हाइकीत कोण समजावत बसणार.